गोंगाटातून नेमका एक स्वर : रेल्वे सुरक्षा आणि अंकीय संकेत-प्रक्रिया

लखनौ शहरातील मानकनगर येथे भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. 'आरडीएसओ' या नावाने ती सर्वपरिचित आहे. १९३० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मध्ये लखनौ येथे सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन १९५७ मध्ये ही संघटना अस्तित्वात आली. २००३ मध्ये तिला विभागीय रेल्वेचा दर्जा मिळाला. रूळ, पूल, डबे, इंजिने यांच्याबरोबरच सिग्नल व दूरसंचार यंत्रणेची मानके ठरविण्याचे काम येथे चालते. या कामात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो : प्रचंड विद्युत गोंगाटात दडलेली एक ठराविक वारंवारता कमीत कमी वेळात, कमीत कमी साधनांनिशी आणि खात्रीपूर्वक कशी ओळखावी? अंकीय संकेत-प्रक्रिया, म्हणजेच डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, या विषयातील हा मूलभूत प्रश्न होय. त्याच्या उत्तरावर प्रवाशांचे प्राण अवलंबून असल्याने तो केवळ गणिताचा राहत नाही.

रूळ रिकामा आहे हे कसे कळते?

स्थानकात बसलेल्या स्टेशनमास्तरला पुढील मार्ग मोकळा आहे याची खात्री डोळ्यांनी करून घेता येत नाही. रात्र, धुके, वळणे आणि अंतर यांमुळे त्याला यंत्रावर विसंबावे लागते. यासाठी वापरले जाणारे सर्वांत जुने साधन म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये त्याच्या बंद मंडलाच्या रचनेचे पेटंट घेतले. तिचे तत्त्व साधे आहे. रुळांच्या एका तुकड्याच्या एका टोकाला विद्युतप्रवाह सोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला असलेला ग्राही तो स्वीकारतो. प्रवाह पोहोचला तर मार्ग मोकळा आहे असे समजले जाते. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडून प्रवाहाला मधूनच परत वळवतात. ग्राहीपर्यंत काहीच पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो.

या रचनेचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. येथे गाडीचे अस्तित्व प्रवाह असण्याने नव्हे, तर प्रवाह नसण्याने ओळखले जाते. त्यामुळे तार तुटली, वीजपुरवठा बंद पडला किंवा ग्राही बिघडून स्तब्ध झाला, तरी सिग्नल लालच राहतो. बिघाड झाल्यास यंत्रणेने सुरक्षित बाजूला झुकावे, या तत्त्वाला अभियांत्रिकीत 'फेल-सेफ' म्हणतात. याचा दुसरा अर्थ असा की, ग्राहीने खरा प्रवाह न ओळखल्यास गाड्यांना केवळ उशीर होईल. परंतु नसलेला प्रवाह 'आहे' असे चुकून ओळखल्यास गाडी उभी असलेला मार्ग मोकळा ठरेल. पहिली चूक गैरसोयीची, तर दुसरी प्राणघातक आहे.

विद्युतीकरण आणि गोंगाट

जोपर्यंत गाड्या वाफेवर वा डिझेलवर धावत होत्या, तोपर्यंत रुळांतील प्रवाह हा ट्रॅक सर्किटचाच असे. विद्युतीकरणानंतर चित्र पालटले. इंजिन वरच्या तारेतून वीज घेते आणि तो प्रवाह रुळांवाटेच उपकेंद्राकडे परततो. ट्रॅक सर्किटच्या दुबळ्या प्रवाहाला आता त्याच रुळांत शेकडो अँपियरच्या कर्षण-प्रवाहासोबत राहावे लागते.

मुंबईचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विद्युत गाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली. पुढे देशात सर्वत्र २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धती स्वीकारली गेली. मुंबई उपनगरी मार्गांचे रूपांतर पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. एकदिश कर्षणाच्या प्रदेशात एकदिश ट्रॅक सर्किट चालत नाही. ५० हर्ट्झच्या प्रदेशात ५० हर्ट्झचे ट्रॅक सर्किट चालत नाही. म्हणून दोन्ही परिस्थितींत टिकणारे साधन म्हणून ध्वनिवारंवारता ट्रॅक सर्किटला महत्त्व आले. त्यात रुळांमधून श्राव्य पट्ट्यातील, साधारणतः दीड ते सतरा हजार हर्ट्झ दरम्यानच्या वारंवारतेचा प्रवाह सोडला जातो. शेजारच्या तुकड्यांना वेगवेगळ्या वारंवारता दिल्याने एकाचा प्रवाह दुसऱ्याचा समजला जात नाही. तुकडे वेगळे राखण्यासाठी रूळ कापून विद्युतरोधक जोड बसविण्याची गरजही बरीच कमी होते. लांब जोडरुळांच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे.

टी.आय.-२१ या प्रणालीत १६९९, १९९६, २२९६ आणि २५९३ हर्ट्झ या वारंवारतांचा समावेश आहे. प्रत्यक्षात प्रवाह मूळ वारंवारतेच्या १७ हर्ट्झ खाली आणि १७ हर्ट्झ वर असा आलटून-पालटून बदलत ठेवला जातो. म्हणजे १६९९ ऐवजी १६८२ आणि १७१६ हर्ट्झ. केवळ योगायोगाने निर्माण झालेला प्रवाह अशी ठराविक अदलाबदल सहसा करणार नाही, हा त्यामागील विचार आहे.

ही सावधगिरी आवश्यक ठरते. इंजिनातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे ५० हर्ट्झच्या शुद्ध तरंगाची मोडतोड होऊन त्याच्या पटीतील वारंवारता, म्हणजेच हार्मोनिक, उत्पन्न होतात. त्यांत विषम पटींचे प्रमाण अधिक असते : १५०, २५०, ३५० हर्ट्झ आणि पुढे. ३३वी पट १६५० व ३५वी पट १७५० हर्ट्झ येते. म्हणजे ज्या १७१६ हर्ट्झच्या स्वराचा शोध घ्यायचा, त्याच्यापासून अवघ्या ३४ हर्ट्झ अंतरावर एक परका स्वर असू शकतो. हा भेद ग्राहीला ओळखता आला पाहिजे.

नमुने आणि त्यांचे गणित

पूर्वी हे काम कुंडले आणि धारित्रे यांच्या गाळण्यांनी केले जाई. तापमान व वय यांनुसार त्यांचे गुणधर्म बदलतात. अंकीय पद्धतीत संकेताचे ठराविक काळाने मोजमाप करून त्याचे अंकांत रूपांतर केले जाते. या मोजमापांना नमुने म्हणतात. संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास मूळ माहिती नष्ट होत नाही, हा नमुनाकरणाचा सिद्धान्त आहे. दूरध्वनीवरील संभाषण सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावते. म्हणून तेथे दर सेकंदाला ८००० नमुने घेण्याचा प्रघात आहे.

कोणताही गुंतागुंतीचा संकेत निरनिराळ्या वारंवारतांच्या शुद्ध तरंगांत विभागता येतो, हे फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांच्या कार्यातून प्रस्थापित झाले. नमुन्यांवर हेच गणित करण्याच्या रीतीला विविक्त फूरिए रूपांतर म्हणतात. परंतु ही रीत महागडी आहे. २०५ नमुन्यांपासून २०५ वारंवारतांचे प्रमाण सरळ काढावयाचे झाल्यास २०५ × २०५, म्हणजे ४२,०२५ संमिश्र गुणाकार करावे लागतात. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी प्रसिद्ध केलेल्या द्रुत फूरिए रूपांतराने, म्हणजेच 'एफएफटी'ने, हा भार फार मोठ्या प्रमाणात कमी केला. २५६ नमुन्यांसाठी त्यात सुमारे १०२४ संमिश्र गुणाकार पुरतात. एक संमिश्र गुणाकार म्हणजे साधारणतः चार साधे गुणाकार, हे लक्षात घेता साध्या गुणाकारांची संख्या सुमारे ४०९६ होते.

तथापि, येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. रुळाशेजारील ग्राहीला सर्व वारंवारतांचा हिशेब हवा आहे काय? त्याला फक्त एका किंवा दोन वारंवारतांबद्दल 'आहे की नाही' एवढेच उत्तर हवे आहे. गावातील एका घरी कोणी आहे काय हे पाहण्यासाठी संपूर्ण गावाची शिरगणती करण्याचे कारण नाही.

गर्ट्झेल यांची रीत

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड गर्ट्झेल यांनी १९५८ मध्ये एका छोट्या लेखात यावर उपाय सुचविला होता. एफएफटीच्या प्रसिद्धीपूर्वी सात वर्षे मांडलेली ही रीत आजही एखाद-दुसरी वारंवारता ओळखण्यासाठी सर्वांत सोयीची मानली जाते.

तिची कल्पना अनुनादाच्या तत्त्वाशी जुळते. लखनौमध्येच १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने संगीताचे मॅरिस महाविद्यालय सुरू झाले व पुढे ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे शिकविल्या जाणाऱ्या सतारीला तरफेच्या तारा असतात. त्या कोणी छेडत नाही. परंतु जिच्या स्वराशी वाजणारा स्वर जुळतो तेवढी तार आपोआप झंकारते, बाकीच्या स्तब्ध राहतात. गर्ट्झेल यांची रीत म्हणजे अंकांनी बनविलेली अशी एक तरफेची तारच होय. तिला जी वारंवारता ऐकावयाची, त्यावरून एक गुणक आधीच ठरविला जातो : इष्ट वारंवारतेला नमुन्यांच्या दराने भागून येणाऱ्या अंशाइतका पूर्ण वर्तुळाचा कोन घ्यावा आणि त्याच्या कोसाइनची दुप्पट करावी. त्यानंतर प्रत्येक नमुन्यासाठी एकच कृती करावयाची :

नवी अवस्था = नमुना + (गुणक × मागील अवस्था) − त्यामागील अवस्था

म्हणजे एका नमुन्यामागे फक्त एक गुणाकार आणि दोन बेरीज-वजाबाक्या. नमुने साठवून ठेवण्याचीही गरज नाही. फक्त शेवटच्या दोन अवस्था स्मरणात असल्या की पुरे. ठरलेले नमुने संपल्यावर दोन्ही अवस्थांच्या वर्गांची बेरीज करून त्यातून गुणक व दोन्ही अवस्था यांचा गुणाकार वजा केला की, त्या वारंवारतेच्या आयामाचा वर्ग मोजणारी संख्या मिळते.

विद्यार्थ्यांना हे कागदावर पडताळून पाहता येईल. दर सेकंदाला ८००० नमुने आणि शोधावयाची वारंवारता २००० हर्ट्झ असे समजू. अंश एक-चतुर्थांश, म्हणून कोन ९० अंश. त्याचा कोसाइन शून्य, म्हणून गुणकही शून्य. येथे नवी अवस्था म्हणजे नमुना वजा दोन पायऱ्यांपूर्वीची अवस्था. २००० हर्ट्झच्या तरंगाचे आठ नमुने १, ०, −१, ०, १, ०, −१, ० असे येतील. त्यांवरून अवस्था अनुक्रमे १, ०, −२, ०, ३, ०, −४, ० अशा वाढत जातात. शेवटच्या दोन अवस्थांच्या वर्गांची बेरीज १६ होते. आता स्वराऐवजी स्थिर एकदिश प्रवाह आला, म्हणजे सर्व नमुने १ आहेत, असे मानू. अवस्था १, १, ०, ०, १, १, ०, ० अशा येतात आणि अखेरचे उत्तर शून्य! योग्य वेळी दिलेल्या हलक्या झोक्यांनी झोपाळा उंच जातो, अवेळी दिलेले झोके परस्परांना मारतात, तसाच हा प्रकार आहे.

नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी

या रीतीचे सर्वांत परिचित क्षेत्र म्हणजे बटणांचा दूरध्वनी. अमेरिकेत १९६३ मध्ये व्यापारी वापरात आलेल्या द्विस्वर पद्धतीत, म्हणजेच 'डीटीएमएफ'मध्ये, प्रत्येक बटण दाबल्यावर दोन स्वर एकाच वेळी निघतात. एक स्वर ६९७, ७७०, ८५२ व ९४१ हर्ट्झ या खालच्या गटातील आणि दुसरा १२०९, १३३६, १४७७ व १६३३ हर्ट्झ या वरच्या गटातील असतो. '५' या अंकासाठी ७७० आणि १३३६, तर '७' साठी ८५२ आणि १२०९ हर्ट्झ. या आठांपैकी कोणतीही वारंवारता दुसरीच्या पूर्ण पटीत नाही, ही योजना मुद्दाम केलेली आहे.

भारतीय रेल्वेच्या नियंत्रण दूरध्वनीतही या पद्धतीचा अवलंब झाला आणि त्या उपकरणांची मानके आरडीएसओने निश्चित केली. एका विभागातील अनेक स्थानके एकाच सामायिक वाहिनीवर जोडलेली असतात. नियंत्रक एखाद्या स्थानकाचा सांकेतिक क्रमांक दाबतो. स्वर सर्व स्थानकांवर पोहोचतात, परंतु ज्याचा क्रमांक जुळतो तेवढ्याच स्थानकाची घंटा वाजते. म्हणजे प्रत्येक स्थानकावरील छोट्या उपकरणाने अखंड कान देऊन आठ स्वर ओळखावयाचे असतात.

हे काम सूक्ष्मप्रक्रियकाकडे सोपविल्यास गर्ट्झेल यांच्या रीतीची काटकसर स्पष्ट होते. ८००० नमुन्यांच्या दराने २०५ नमुन्यांचा गट घेण्याची पद्धत रूढ आहे. आठ स्वरांसाठी २०५ × ८, म्हणजे १६४० साधे गुणाकार आणि शेवटी थोडेसे अधिक. २५६ नमुन्यांच्या एफएफटीच्या ४०९६ गुणाकारांच्या तुलनेत हे निम्म्याहूनही कमी आहेत. साठवणीचा फरक याहून मोठा आहे : तेथे संपूर्ण गट स्मरणात ठेवावा लागतो, येथे प्रत्येक स्वरामागे दोन संख्या. शिवाय नमुना येताच त्यावर प्रक्रिया होत असल्याने गट पूर्ण होईपर्यंत थांबावे लागत नाही. मात्र हा लाभ वारंवारता थोड्या असेपर्यंतच टिकतो. त्यांची संख्या वाढत गेली की एफएफटी वरचढ ठरते.

अचूकतेची किंमत

कोणतीही रीत निसर्गनियमाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. २०५ नमुने जमण्यास २०५ भागिले ८०००, म्हणजे सुमारे २५.६ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या काळात सुमारे ३९ हर्ट्झपेक्षा जवळचे दोन स्वर नीट वेगळे करता येत नाहीत. भेद जितका सूक्ष्म, तितका अधिक वेळ ऐकावे लागते. दूरध्वनीसाठी ३९ हर्ट्झचा भेद चालतो. परंतु वर पाहिलेल्या रुळांवरील उदाहरणात १७१६ आणि १७५० हर्ट्झमधील अंतर केवळ ३४ हर्ट्झ आहे. ते ओळखण्यास किमान ३० मिलिसेकंद आणि व्यवहारात त्याच्या कित्येक पट वेळ द्यावा लागेल. ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ३६ मीटर अंतर कापते, ग्राहीने ०.३ सेकंद विचार केला तर ती जवळजवळ ११ मीटर पुढे गेलेली असेल. म्हणून ऐकण्याचा अवधी वाढविणे आणि उत्तर लवकर देणे यांत समतोल साधावा लागतो.

दुसरी मर्यादा उंबरठ्याची आहे. उत्तर किती मोठे आल्यास 'स्वर आहे' असे मानावे? उंबरठा खाली ठेवला तर गोंगाटालाच स्वर समजले जाईल. वर ठेवला तर खरा स्वर निसटेल. पावसाळ्यात रुळांखालील खडी ओली होऊन प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात झिरपतो व ग्राहीपर्यंत कमी पोहोचतो, ही अडचण भारतात नेहमीची आहे. दूरध्वनीच्या बाबतीत मानवी आवाजातच दोन योग्य स्वर क्षणभर जुळून येण्याचा धोका असतो. म्हणून एकट्या मोजमापावर निर्णय सोपवला जात नाही. स्वराची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या किती प्रमाणात आहे, त्याच्या दुप्पट वारंवारतेवरही ऊर्जा आहे काय, दोन्ही स्वरांचे बळ तुल्य आहे काय, तो ठराविक काळ टिकला काय, अशा अनेक कसोट्या लावल्या जातात. दुप्पट वारंवारतेवर ऊर्जा आढळल्यास तो बहुधा माणसाचा आवाज असतो. रेल्वे सुरक्षेच्या यंत्रणांमध्ये याच्याही पुढे जाऊन दोन स्वतंत्र प्रक्रियकांचे उत्तर जुळल्याशिवाय मार्ग मोकळा मानला जात नाही, अशी रचना केली जाते.

या ठिकाणी गणनेतील काटकसरीचे खरे महत्त्व ध्यानात येते. वाचलेला वेळ आणि वाचलेली स्मरणशक्ती या कसोट्यांसाठी उपयोगी पडते. तसेच गर्ट्झेल यांच्या रीतीत प्रत्येक नमुन्यासाठी कृती तीच व तेवढीच असल्याने उत्तर किती वेळात मिळेल हे आधीच सांगता येते. तिची रचना चार ओळींत मावत असल्याने तपासणाऱ्यालाही ती पूर्णपणे पडताळता येते. गणनेतील सूक्ष्म चुका साठत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक गटानंतर अवस्था शून्यावर आणून नव्याने प्रारंभ करावा लागतो, एवढी दक्षता मात्र घ्यावी लागते.

व्यापक उपयोग

एकच वारंवारता ओळखण्याची गरज इतर क्षेत्रांतही पदोपदी भासते. वीजजाळ्यात ५० हर्ट्झच्या तरंगाचे बळ व कला ठिकठिकाणी एकाच क्षणी मोजणाऱ्या फेझर मापन यंत्रांचे महत्त्व जुलै २०१२ मधील उत्तर भारतातील मोठ्या वीजखंडानंतर अधिक प्रकर्षाने जाणवले. कारखान्यातील मोटारीच्या कंपनांत एखादी विशिष्ट वारंवारता वाढू लागली की तिचे बेअरिंग झिजत असल्याचे वेळीच समजते.

रेल्वेवर आज ट्रॅक सर्किटच्या जोडीला गाडीच्या आसांची संख्या मोजणारे अंकीय ॲक्सल काउंटर आले आहेत. आरडीएसओच्या विनिर्देशांनुसार देशात विकसित झालेल्या आणि २०२० मध्ये राष्ट्रीय स्वयंचलित गाडी संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या 'कवच' प्रणालीत इंजिन आणि स्थानक रेडिओ तरंगांद्वारे परस्परांशी बोलतात. साधने बदलली, तरी गोंगाटातून आपला संकेत वेगळा काढणे आणि शंका असेल तेव्हा गाडी थांबविणे या दोन गोष्टी बदललेल्या नाहीत.

अधिक शक्तिशाली संगणक हेच प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असते, असा समज सर्वत्र आढळतो. एका छोट्या सूत्राने साधलेली ही किमया वेगळे काही सांगते. नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे प्रथम ठरविले, तर अल्प साधनेही पुरतात. आणि मिळालेले उत्तर चुकल्यास काय घडेल याचा आधीच विचार केला, तर तीच अल्प साधने विश्वासार्हही ठरतात. विकसनशील देशातील दूरवरच्या लहान स्थानकावर, मर्यादित वीज आणि साध्या उपकरणानिशी लाखो प्रवाशांची सुरक्षितता राखावयाची असते, तेव्हा या दोन्ही गोष्टींना पर्याय नाही.